उंचीचा गुण की मोसमाचा?

‘हवापालट’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो, की त्यात रोगाविषयीचा एक अख्खा सिद्धांत दडलेला आहे याची जाणीवही होत नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाला चार दिवस हवापालट करून येण्याचा सल्ला मिळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळी ‘हवा खायला’ निघतात आणि ज्या गावी जातात त्याला ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हणतात. रोगाचे मूळ हवेत असते आणि हवा बदलली की रोग हटतो, ही ती समजूत. एकोणिसाव्या शतकात याच समजुतीच्या जोरावर भारतातील डोंगरमाथ्यांवर बंगले उभे राहिले. त्यांतले काही बंगले आज ‘हेरिटेज हॉटेल’ या नावाने पाहुण्यांना खोल्या देतात आणि त्यांच्या माहितीपत्रकात निरोगी हवेचा उल्लेख हमखास असतो.

आम्ही यवतमाळचे. हा जिल्हा पठारावर वसलेला असला तरी येथे गिरिस्थान नाही. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे. अकोला २८० मीटरच्या जवळपास आहे. तेव्हा अकोल्याच्या मानाने आम्ही थोडे वरच. पण मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की आमच्याकडच्या लोकांनाही चिखलदरा आठवतो. वऱ्हाडचे हे गिरिस्थान अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेली अरुंद मापाची रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि तेथून अचलपूरला, म्हणजे थेट या डोंगराच्या पायथ्याजवळ जात असे. हीच आपली शकुंतला. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती बंद आहे.

प्रश्न असा, की डोंगरमाथा निरोगी असतो हे साहेबाचे निरीक्षण खरे होते का? खरे असेल तर त्याचे श्रेय उंचीला द्यायचे की आणखी कशाला? इतिहासातील हा प्रश्न वर्गात सोडवता येण्याजोगा आहे. त्यासाठी लागते थोडे अंकगणित आणि तुलना नीट करण्याची सवय.

‘शोध’ कोणी लावला?

प्रथम इतिहास पाहू. चिखलदऱ्याचा शोध हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली लावला, असे बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते. पण त्याच डोंगरावर, गावापासून अगदी जवळ, गाविलगडचा किल्ला आहे. तो बहमनी काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून नांदता होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो नागपूरकर भोसल्यांच्या शिबंदीकडून लढून घेतला. ज्या डोंगरावर इंग्रजांनी स्वतः तोफा चढवल्या होत्या, त्याचा ‘शोध’ वीस वर्षांनी लागला, असे म्हणणे जरा विचित्रच आहे. गवळी आणि कोरकू तर तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतच होते. शोध लागला तो डोंगराच्या एका नव्या उपयोगाचा.

सह्याद्रीवरही हेच घडले. १८२४ साली लॉडविक हा अधिकारी महाबळेश्वरी चढला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून ती जागा घेतली व बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव दिले. १८२८ च्या सुमारास तेथे माल्कम पेठ वसली. कृष्णेच्या उगमापाशी असलेले क्षेत्र महाबळेश्वर त्याआधी कित्येक शतके यात्रेकरूंना ठाऊक होते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढला. त्याही माथ्यावर आणि उतारांवर धनगर, ठाकूर व कातकरी यांचा वावर होता. ‘माथ्यावरचे रान’ हे नाव त्यांच्याच भाषेतले.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. जे लोक बारमाही तेथे राहत होते त्यांचे आरोग्य कसे आहे, हे पाहून कोणी त्या जागेला निरोगी ठरवले नव्हते. उन्हाळ्यात वर गेलेल्या साहेबाला बरे वाटले, एवढ्यावर निष्कर्ष काढला गेला. हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुढे लागणार आहे.

हजारी एकोणसत्तर

साहेबाला वर जाण्याची एवढी निकड का वाटली, याचे उत्तर एका आकड्यात आहे. भारतातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. त्यात गोऱ्या सैनिकांचे वार्षिक मृत्युमान हजारी ६९ असे नोंदले होते. यांतले बहुसंख्य मृत्यू लढाईत झालेले नव्हते. पटकी, हगवण, यकृताचे विकार आणि ताप हेच मारेकरी होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आयोगासाठी छावण्यांतील माहितीचे डोंगर उपसले, आणि गटारे, पिण्याचे पाणी व बराकींतील गर्दी यांकडे बोट दाखवले. आयोगाने शक्य तितके सैन्य उंचावर ठेवावे असाही विचार मांडला.

त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती, की कुजणारा पालापाचोळा, दलदल आणि घाण यांतून एक विषारी वाफ निघते. ती जड असल्याने सखल भागात साचते आणि श्वासावाटे शरीरात शिरून ताप आणते. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. जड वाफ खाली राहते, तेव्हा वर चढलेला माणूस तिच्यातून सुटतो, हे तर्कशास्त्र त्या चौकटीत बिनचूक होते. बंगल्याचे जोते उंच करणे, खोल्यांची छते उंच ठेवणे, सभोवार रुंद व्हरांडा सोडणे, दारासमोरची झाडी तोडून वारा खेळता ठेवणे या सगळ्या गोष्टी त्यातून आल्या. जुन्या बंगल्यात राहायला गेलात तर हे पाहावे. तेथे वास्तुरचनेत आपल्याला एक टाकून दिलेला वैद्यकीय सिद्धांत वाचता येतो.

अर्थात व्हरांड्याला दुसरेही कारण होते, आणि ते आजही खरे आहे. व्हरांडा भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही. भिंत जाड दगडी असेल तर दिवसभरात ती हळूहळू तापते आणि खोलीतील तापमान बाहेरच्याइतके चढत नाही. उंच छतामुळे गरम हवा डोक्यावर राहते. ही तत्त्वे आमच्या जुन्या वाड्यांनाही ठाऊक होती. ‘बंगला’ हा शब्द तर साहेबाने बंगालातील झोपडीवरूनच घेतला.

वर किती थंड?

आता मोजमाप करू. हवा वर चढली की तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. म्हणून ती थंड होते. कोरडी हवा वर जाताना दर हजार मीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. हवेत बाष्प असून त्याचे ढग बनत असतील, तर बाष्पातील सुप्त उष्णता मोकळी होते आणि ही घट बरीच कमी, साधारण पाच अंशांच्या आसपास राहते. वातावरणाची सरासरी घट हजार मीटरला ६.५ अंश धरतात.

यवतमाळ आणि चिखलदरा यांच्या उंचीत सुमारे ६५० मीटरचा फरक आहे. सरासरी दराने हा फरक सव्वाचार अंशांचा होतो. मे महिन्यातील दुपारी विदर्भाची हवा कोरडी असते आणि तापलेल्या जमिनीमुळे ती खालीवर चांगली घुसळली जाते. अशा वेळी घट कोरड्या हवेच्या दराच्या जवळ जाते आणि फरक सहा अंशांच्या घरात येतो. यवतमाळला ४२ तर चिखलदऱ्याला ३६. पावसाळ्यात मात्र हाच फरक तीन-साडेतीन अंशांपर्यंत उतरतो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री तर गंमतच होते. जमिनीलगतची थंड, जड हवा उतारावरून घरंगळत दरीत साचते आणि माथ्यापेक्षा दरीत जास्त थंडी पडू शकते.

म्हणजे उंचीचा हा लाभ सगळ्यात मोठा मिळतो तो उन्हाळ्यातील दुपारी. उष्माघाताने माणसे मरत असताना हा लाभ अगदी खरा होता. पण तापाचे काय?

डासाच्या पोटातील घड्याळ

हिवतापाचा प्रसार कसा होतो हे कोडे सुटले ते १८९७-९८ मध्ये. १८९७ च्या उन्हाळ्यात रोनाल्ड रॉस रजेवर उटीला गेले होते. तेथून ते सिगूर घाटातील हिवतापग्रस्त भागात उतरले आणि तेथे त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. त्यानंतर ते सिकंदराबादला परतले व २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीचे पुटके दिसले. पुढल्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापात डासाच्या दंशाने होणारा प्रसार सिद्ध केला, आणि त्याच सुमारास इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापात अ‍ॅनोफिलिस डासाचा वाटा दाखवला. विषारी वाफेची गोष्ट तेथे संपली.

पण मग उंचीचा संबंध उरतो का? उरतो, आणि तो गणिताने मांडता येतो. डासाने रोग्याचे रक्त ओढल्यावर परोपजीवी लगेच दुसऱ्याला देता येत नाही. डासाच्या शरीरात त्याची वाढ पूर्ण व्हावी लागते आणि ती तापमानावर अवलंबून असते. फॅल्सिपेरम या घातक जातीसाठी एक ढोबळ सूत्र वापरतात: सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि १११ ला त्या संख्येने भागा, उत्तर येते ते दिवस. ३० अंशांना सुमारे ८ दिवस, २५ अंशांना १२, २० अंशांना २८ आणि १८ अंशांना ५५ दिवस. डासाची मादी एरवी दोन-तीन आठवडेच जगते. तेव्हा १८ अंशांवर परोपजीवी तयार होण्याआधीच बहुतेक डास मेलेले असतात. व्हायव्हॅक्स ही जात थोड्या कमी तापमानावरही तग धरते; तिच्यासाठी १६ ऐवजी १४.५ आणि १११ ऐवजी १०५ घ्यावेत.

हे सूत्र उटीला लावून पाहा. उंची सुमारे २,२४० मीटर, वर्षाचे सरासरी तापमान १४-१५ अंश. तेथे परोपजीवीची वाढ जवळजवळ होतच नाही. म्हणजे निलगिरीच्या माथ्यापुरता साहेबाचा अनुभव बरोबर होता, फक्त त्याचे कारण चुकीचे होते.

आता चिखलदरा घ्या. ऑगस्टमध्ये वऱ्हाडच्या सपाटीवरील सरासरी तापमान २६-२७ अंश असते. त्यातून साडेतीन वजा केले की चिखलदऱ्याचे साधारण २३ उरते. सूत्राप्रमाणे सपाटीवर १० ते ११ दिवस, तर वर १६ दिवस. उंचीने परोपजीवीचे घड्याळ संथ केले, पण बंद पाडले नाही. ८०० मीटरच्या माथेरानला तर एवढाही आधार नाही. आणि आता मे महिना. चिखलदऱ्याची दिवस-रात्रीची सरासरी २९-३० अंश धरली तर उत्तर येते आठ दिवस! ज्या महिन्यात साहेब हवापालटासाठी वर जात असे, नेमक्या त्याच महिन्यात तेथील तापमान परोपजीवीला सर्वांत सोयीचे होते.

तरीही त्याला वर ताप येत नव्हता. का?

मोसमाचे माप

कारण मे महिन्यात डास फारसे नसतात. बहुतेक ओढे आटलेले असतात, हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत डासाची मादी फार दिवस जगत नाही. जूनमध्ये पाऊस येतो, पाणी साचते, डास वाढतात, आणि हिवतापाचे रोगी जुलैपासून वाढत जाऊन ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कळस गाठतात. साहेबाचे वेळापत्रक याच्या अगदी उलट होते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिखलदऱ्याला त्या मानाने कमी, पण दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे यवतमाळच्या सुमारे दीडपट पडतो. पाऊस सुरू झाला की ही मंडळी बंगल्यांना कुलपे लावून खाली उतरत. आजही पावसाळ्यात नेरळहून माथेरानच्या घाटात चढणारी छोटी गाडी बंद ठेवतात.

तेव्हा तुलना कशाची झाली? डोंगरावरचा मे महिना एका बाजूला आणि सपाटीवरचे सबंध वर्ष दुसऱ्या बाजूला. सप्टेंबरात त्याला अमरावतीत ताप भरला तर दोष सपाटीच्या हवेला. खरे तर सपाटीवरही मे महिन्यात हिवताप फार नसतो; रणरणत्या उन्हात डासाचेही हाल होतात. मोसम सारखा ठेवून दोन जागांची तुलना केली असती, तर आपल्या महाराष्ट्रातील गिरिस्थानांच्या उंचीचे माहात्म्य बरेच खाली आले असते.

याखेरीज आणखीही कारणे एकमेकांत मिसळली होती. वर गर्दी कमी होती. झऱ्यांचे पाणी छावणीतील विहिरींपेक्षा स्वच्छ होते, म्हणून पटकी आणि हगवण यांपासून खरोखरच बचाव होत असे. मच्छरदाणी होती, कोयनेल परवडत होते, खाणेपिणे उत्तम होते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या कायम ठेवाव्यात हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. येथे एकाच वेळी सहा गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र उंचीला मिळाले.

बंगल्याचे हॉटेल

माथेरानला लॉर्ड एल्फिन्स्टन या गव्हर्नराच्या पाठिंब्याने १८५० च्या दशकात वस्ती वाढली. १८५६ पर्यंत रेल्वे नेरळच्या पुढे गेली आणि मुंबईकरांना पायथा हाताशी आला. कॅप्टन बार याने बांधलेला बंगला तेथील अगदी पहिल्या घरांपैकी. पुढे त्यात वारसा-हॉटेल सुरू झाले. रग्बी हॉटेल १८७६ चे. १९०४ ते १९०७ या काळात आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान ही दोन फुटी मापाची, सुमारे २१ किलोमीटर लांबीची रेल्वे बांधली. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या नियमानुसार १९५० पूर्वी बांधलेल्या वास्तूंनाच हेरिटेज हॉटेलचा दर्जा मागता येतो. गिरिस्थानांवरील पुष्कळशा जुन्या बंगल्यांना वयाची ही अट सहज पुरी करता येते. चिखलदऱ्याला मात्र इंग्रजी अमदानीतील काही बंगले सरकारी विश्रामगृहे म्हणून वापरात आले.

आम्ही माथेरानला अशा एका जुन्या बंगल्यात, आता हॉटेल झालेल्या, दोन रात्री राहिलो आहोत. सोबत यवतमाळहून नेलेले दोन साधे तापमापक होते. दुपारी एक व्हरांड्याच्या सावलीत आणि एक आतील खोलीत ठेवला, तर दोहोंत तीन अंशांचा फरक पडला. एवढा फरक मिळवायला नेरळहून साडेचारशे मीटर चढावे लागते. येथे तो एका दगडी भिंतीने दिला होता. रात्री मात्र उलट झाले. भिंतीत साठलेली उष्णता बाहेर येऊ लागली आणि मंडळी आपोआप व्हरांड्यात जमली. जुन्या लोकांनी आरामखुर्च्या तेथे का मांडल्या याचा उलगडा आम्हाला त्या वेळी झाला.

त्या बंगल्यात मालकांची नावे क्रमाने लिहिलेली पाटी होती, जुनी छायाचित्रे होती, शिसवी कपाटे होती. मुख्य घरापासून बऱ्याच अंतरावर स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या होत्या. त्यांचा व्हरांडा अरुंद, छत बुटके आणि तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. विषारी वाफेपासून साहेबाचे रक्षण करणारी वास्तुरचना पन्नास पावलांवर येऊन थांबली होती. विज्ञानाच्या नजरेने पाहता हा एक अपुरा राहिलेला प्रयोगच म्हणायचा. एकाच डोंगरावर, एकाच उंचीवर दोन प्रकारची घरे होती. दोहोंत राहणाऱ्यांच्या आजारांची तुलना कोणी केली असती, तर उंचीचा आणि राहणीचा वाटा वेगळा काढता आला असता.

या बंगल्यांतले सारे सामान, फर्निचरपासून बर्फापर्यंत, माणसांनी किंवा जनावरांनी पाठीवर वाहून आणलेले. साहेब-मडम स्वतःही खुर्चीत किंवा पालखीत बसून भोयांच्या खांद्यांवरून येत. महाबळेश्वरला तर रस्ते आणि बागा करण्यासाठी पूर्वेकडून आणलेले चिनी कैदी राबवले गेले. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने हाताने ओढायच्या रिक्षा आपल्या काळापर्यंत चालू राहिल्या. एक माणूस ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि तिच्याऐवजी ई-रिक्षांचा मार्ग सांगितला. वारसा जपताना काय जपायचे आणि काय सोडायचे, याचा हा एक स्पष्ट निवाडा आहे.

त्याच डोंगरावरची दुसरी माणसे

आता पुन्हा चिखलदऱ्याकडे वळू. निरोगी हवेचा दावा तपासायचा असेल, तर जे बारमाही तेथे राहतात त्यांच्याकडे पाहायला हवे, असे आपण सुरुवातीला म्हटले. चिखलदरा हा मेळघाटाचाच भाग. त्याच रांगेत, कमीअधिक उंचीवर कोरकूंची गावे आहेत. १९९३ साली या गावांतील बालमृत्यूंनी सबंध महाराष्ट्र हादरला. कुपोषण, न्यूमोनिया, अतिसार आणि हिवताप अशी कारणे पुढे आली. मृत्यू वाढत ते पावसाळ्यात. घरातले धान्य संपत आलेले, वाटा बंद झालेल्या आणि डासांचे दिवस. म्हणजे साहेबाच्या बंगल्याला ज्या काळात कुलूप असे, नेमका तोच काळ. डोंगर तोच, हवा तीच आणि उंचीही जवळपास तीच. बदलला होता फक्त मोसम आणि त्या मोसमाला तोंड देण्याची ऐपत.

डोंगरपायथ्याच्या स्वच्छ, संथ वाहत्या झऱ्यांत वाढणारी अ‍ॅनोफिलिसची एक जात हिवताप पसरवण्यात तरबेज आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. ज्या झऱ्याचे पाणी पिऊन साहेबाला मे महिन्यात हुशारी वाटली, त्याच प्रकारच्या झऱ्याकाठी पावसाळ्यानंतर ताप वाढू शकतो. ‘निरोगी जागा’ ही कल्पनाच त्यामुळे अर्धवट ठरते. कोणासाठी निरोगी, कोणत्या महिन्यात निरोगी, हे दोन प्रश्न तिच्यापुढे जोडावेच लागतात.

यात त्या काळच्या डॉक्टरांची टिंगल करण्याचे कारण नाही. गटारे काढा, गर्दी कमी करा, पाणी शुद्ध करा हा त्यांचा आग्रह विषारी वाफेच्या समजुतीतूनच आला होता आणि त्याने लाखो जीव वाचले. चुकीच्या सिद्धांतातूनही कधी कधी योग्य कृती घडते. धोका असतो तो यशाचे श्रेय भलत्याच कारणाला दिले जाते तेव्हा. उंचीला श्रेय दिल्यामुळे सरकारी पैसा डोंगरमाथ्यावरच्या बंगल्यांकडे, घाटरस्त्यांकडे गेला. पायथ्याच्या आणि कडेकपारीच्या गावांना पाणी, औषध आणि दवाखाना मिळायला फार उशीर झाला; काहींना अजून पुरेसा मिळालेला नाही.

वर्गात काय करता येईल

शाळेची सहल चिखलदऱ्याला किंवा कोणत्याही गिरिस्थानी निघाली, तर हा विषय विद्यार्थ्यांच्या हाती सोपवता येईल. निघण्यापूर्वी शाळेत, वाटेत पायथ्याला आणि माथ्यावर सावलीतले तापमान नोंदवा. तिन्ही नोंदी एकाच दिवसाच्या व शक्यतो दुपारच्या असाव्यात. जमल्यास एक गट त्याच वेळी शाळेतच नोंदी घेत राहू द्यावा, म्हणजे वेळेचा परिणाम वजा करता येतो. उंचीतील फरकाने तापमानातील फरकाला भागून घटीचा दर काढा आणि तो ९.८ च्या जवळ येतो की ५ च्या, यावरून हवा कोरडी होती की दमट ते ठरवा. चहा करताना पाणी किती अंशांना उकळते तेही पाहा. दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश कमी या हिशेबाने चिखलदऱ्याला ते ९६ अंशांच्या आसपास उकळायला हवे. जुने सर्वेक्षक डोंगराची उंची याच युक्तीने काढत असत.

मग वर दिलेल्या सूत्राने आपल्या गावचा बारा महिन्यांचा तक्ता करा. प्रत्येक महिन्यापुढे परोपजीवीचे दिवस लिहा आणि शेजारी पावसाचे आकडे मांडा. उन्हाळ्यात दिवस कमी पण पाणी नाही, हिवाळ्यात पाणी आहे पण दिवस जास्त, आणि पावसाळ्यात दोन्ही अनुकूल, असे चित्र मुलांना स्वतःच दिसेल. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून हिवतापाच्या रोग्यांची महिनावार संख्या मिळाली तर तिचा आलेख याच तक्त्यावर ठेवून पाहावा.

सहलीत एखाद्या जुन्या बंगल्यात मुक्काम पडला, तर मुलांना मागच्या बाजूच्या खोल्याही दाखवाव्यात. आणि गावातील एखाद्या वयस्क कोरकू आजोबांना, ‘आजोबा, तुमच्याकडे ताप कोणत्या महिन्यात येतो?’ एवढा एकच प्रश्न विचारू द्यावा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कॅप्टनसाहेबांनी तो विचारायचा राहून गेला होता.